ग्राफीन, पेशी आणि क्रियापद : एका विधानाची चिकित्सा

१

शास्त्रीय संशोधनाची वार्ता सामान्य वाचकापर्यंत पोचते ती बहुधा एकाच वाक्याच्या रूपाने. मूळ निबंधातील आकृत्या, कोष्टके, अटी आणि अपवाद वाटेत गळून पडतात. उरते ते एक विधान. कार्बनच्या ज्या रूपाला ‘ग्राफीन’ हे नाव आहे, त्याच्या वैद्यकीय उपयोगासंबंधी असेच एक विधान गेल्या काही वर्षांत मराठी विज्ञानलेखनात रूढ झाले आहे. शब्द थोडेफार बदलतात, साचा मात्र कायम असतो : ‘ग्राफीन कर्करोगाच्या पेशींना ओळखून त्यांना मारते आणि निरोगी पेशींना धक्का लावीत नाही.’

वाक्य सुबोध आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि ऐकणाऱ्याला धीर देणारे आहे. असे असता त्याची चिकित्सा करण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. प्रयोजन असे की, या वाक्याचा खरा वाचक प्रयोगशाळेत बसलेला नसतो. मेहकर, खामगाव, देऊळगाव राजा यांसारख्या ठिकाणाहून घरातील रोग्याला घेऊन अकोला, नागपूर किंवा मुंबईची वाट धरणारा माणूस तो वाचक होय. शेत गहाण टाकावे की नाही, चालू असलेला उपचार पुरा करावा की ‘नव्या औषधा’ची वाट पाहावी, हे त्याला ठरवावयाचे असते. त्याच्या हाती पडणारे वाक्य जर मूळ प्रयोगापेक्षा अधिक किंवा निराळे सांगत असेल, तर त्याची किंमत तो मोजतो, लेखक नव्हे.

या विधानातील पदार्थविज्ञान आणि जीवविज्ञान यांची तपासणी त्या त्या शास्त्राचे अभ्यासक करीतच आहेत. येथे पाहावयाचे ते एवढेच की, वाक्याचे चार अवयव — कर्ता, कर्म, क्रियापद आणि ज्याच्या आधारावर ते उच्चारले जाते ती साक्ष — प्रत्यक्ष प्रयोगांशी कितपत जुळतात.

२

प्रथम कर्ता. ‘ग्राफीन’ हे मराठीत नपुंसकलिंगी, एकवचनी द्रव्यवाचक नाम म्हणून रुळले आहे. सोने, मीठ, पाणी यांच्या पंक्तीत ते बसते. द्रव्यवाचक नामाचा एक धर्म असा की, ते आपल्यातील भेद झाकते. ‘मीठ विरघळते’ असे म्हणताना कोणते मीठ, हे कोणी विचारीत नाही.

मूळ अर्थाने ग्राफीन म्हणजे कार्बन-अणूंचा एकच थर. अणू षट्कोनांच्या जाळीत बसलेले, शेजारच्या दोन अणूंतील अंतर सुमारे ०.१४२ नॅनोमीटर. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये साध्या चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्रॅफाइटपासून असा थर वेगळा करून त्याचे गुणधर्म मोजले आणि २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. परंतु कर्करोगासंबंधीच्या बहुसंख्य प्रयोगांत वापरला जातो तो हा शुद्ध थर नव्हे. शुद्ध ग्राफीन पाण्यात नीट पसरत नाही. त्याचे थर एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून प्रयोगांत येते ते बहुधा ग्राफीन ऑक्साइड, म्हणजे ज्याच्या पृष्ठावर आणि कडांवर ऑक्सिजनयुक्त गट बसविले आहेत असे द्रव्य. ते तयार करण्याची प्रचलित रीत हमर्स आणि ऑफमन यांनी १९५८ मध्ये दिली. ब्रॉडी यांची रीत तर १८५९ ची आहे. म्हणजे नाव नवे असले तरी वंश जुना आहे. शिवाय क्षपित ग्राफीन ऑक्साइड, काही थरांचे ग्राफीन, ग्राफीनचे अतिसूक्ष्म पुंज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल किंवा कायटोसॅन यांचे लेपन केलेली निरनिराळी रूपे हे सर्व या एकाच नावाखाली वावरतात.

हा भेद किरकोळ नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने बोधप्रद आहे. त्यांनी मानवी तांबड्या रक्तपेशींवर ग्राफीन ऑक्साइड आणि ग्राफीनचे पापुद्रे यांचा परिणाम तपासला. ग्राफीन ऑक्साइडचे तुकडे जितके लहान, तितक्या रक्तपेशी अधिक फुटल्या. गोळा झालेल्या ग्राफीनच्या पापुद्र्यांनी त्या सर्वांत कमी फुटल्या. आणि ग्राफीन ऑक्साइडवर कायटोसॅनचे लेपन करताच हा अपाय जवळजवळ नाहीसा झाला. तेव्हा ‘ग्राफीन रक्तपेशी फोडते’ आणि ‘ग्राफीन रक्तपेशी फोडीत नाही’ ही दोन्ही विधाने एकाच निबंधाच्या आधाराने करता येतात. दोन परस्परविरुद्ध विधाने एकाच पुराव्याने सिद्ध होत असतील, तर दोष पुराव्यात नसून कर्त्याच्या नावात आहे, असे मानावे लागते. ‘ग्राफीन’ हे येथे द्रव्याचे नाव राहिलेले नाही, कुळाचे नाव झाले आहे. आणि कुळाच्या नावाने एका व्यक्तीची कृती सांगितली की ती कोणाच्याही माथी मारता येते.

३

आता कर्म. विधानात ‘कर्करोगाच्या पेशी’ आणि ‘निरोगी पेशी’ असे दोन पक्ष समोरासमोर उभे केलेले आहेत. या तिन्ही शब्दांचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

‘पेशी’ हा संस्कृत शब्द मुळात मांसाचा गोळा किंवा स्नायू या अर्थाचा. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या स्नायू होत. हिंदीने ‘मांसपेशी’ या शब्दात जुना अर्थ टिकविला आणि सूक्ष्म घटकासाठी ‘कोशिका’ घेतला. मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’च पत्करला, शाळेत आणि व्यवहारात मात्र ‘पेशी’ स्थिर झाला. ‘कर्करोग’ हा शब्द ग्रीक आणि लॅटिन परंपरेतील खेकड्याच्या कल्पनेचे भाषांतर होय. आपल्याकडील वैद्यकातील ‘अर्बुद’ हा शब्द गाठीच्या रूपावर बसविलेला आहे, त्यात खेकडा नाही. खेकड्याच्या कल्पनेमुळे रोग हा बाहेरून आलेला, नांगीने धरून बसलेला प्राणी आहे, असे चित्र मनात उभे राहते. वस्तुतः कर्करोगाची पेशी ही त्याच शरीराची, त्याच बीजाची पेशी असते. तिच्या वाढीवरील बंधने सुटलेली असतात, एवढेच. शत्रू आणि प्रजा असा भेद करणे कठीण पडते ते यामुळे.

‘निरोगी’ या शब्दासंबंधी ‘नीरोग’ शुद्ध की ‘निरोगी’, हा जुना वाद येथे अप्रस्तुत आहे. येथील प्रश्न अर्थाचा आहे. ‘निरोगी’ हे विशेषण मराठीत माणसाला, जनावराला, फार तर झाडाला लागते. ज्याला रोग होऊ शकतो आणि झालेला नाही, असा पूर्ण जीव त्याने सुचविला जातो. काचपात्रात वाढविलेली पेशी या अर्थाने निरोगी असते काय?

काचपात्रातील पेशींची कुळे कोठून आली, हे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. ‘हेला’ या नावाने जगभर गेलेले कूळ १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून आले. स्तनाच्या कर्करोगाची प्रतिनिधी म्हणून ज्या एमसीएफ-७ पेशी शेकडो प्रयोगशाळांत वापरल्या जातात, त्या १९७० मध्ये एका रोग्याच्या छातीत साठलेल्या पाण्यातून मिळविलेल्या आहेत. आणि ज्या एचईके-२९३ पेशी कित्येक निबंधांत ‘सामान्य’ किंवा ‘निरोगी’ पक्षाची बाजू सांभाळतात, त्या १९७३ मध्ये लायडन येथे गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत ॲडिनोव्हायरसचा जनुकांश शिरवून तयार केलेल्या आहेत. त्या अखंड विभागत राहतात त्या याच कारणाने. ज्या पेशीची मरण्याची मर्यादाच काढून टाकलेली आहे, तिला ‘निरोगी’ म्हणणे हा शब्दाचा उघड अपव्यवहार होय. तिला ‘तुलनेसाठी घेतलेली पेशी’ म्हणणे बरोबर ठरेल.

मराठी भाषकांना हा विषय परका नाही. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि तेथेच डॉ. कमल रणदिवे यांनी १९६० च्या दशकात देशातील पहिली ऊतक-संवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज भारतातील कित्येक प्रयोगशाळा पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून पेशींची कुळे घेतात. म्हणजे काचपात्रातील पेशी आणि देहातील पेशी यांतील अंतर जाणणारी परंपरा याच प्रदेशात सत्तर वर्षांची आहे. ते अंतर दाखविणारा शब्द मात्र लोकप्रिय लेखनाने घडविला नाही.

‘निरोगी पेशी’ हा एकजिनसी वर्ग नाही, हे मिनेसोटाच्या उपरोक्त प्रयोगातूनच दिसते. तांबड्या रक्तपेशींना गोळा झालेले पापुद्रे कमी बाधले आणि ग्राफीन ऑक्साइड अधिक बाधले. त्वचेतील तंतुजनक पेशींच्या बाबतीत क्रम उलटला : तेथे दाट बसलेले पापुद्रे अधिक घातक ठरले. दोन्ही पेशी मानवी, दोन्ही ‘निरोगी’. निकाल मात्र परस्परविरुद्ध. एक पाण्यात तरंगणारी, दुसरी पात्राच्या तळाला चिकटून राहणारी, हा साधा भेद ‘रोगी–निरोगी’ या भेदापेक्षा येथे अधिक निर्णायक ठरला.

४

विधानाचा प्राण क्रियापदात आहे. ‘ओळखून मारते’ या दोन क्रियांनी ग्राफीनला डोळे आणि हात दिले. प्रयोगांत प्रत्यक्ष काय घडले, ते आता पाहावे.

ग्राफीनच्या तुकड्यांचा पेशीशी येणारा संबंध निरनिराळ्या प्रकारांनी वर्णिला गेला आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी दाखविले की, तुकड्याचा एखादा अणकुचीदार कोपरा प्रथम पेशीपटलात शिरतो आणि मागून उरलेला पापुद्रा आत ओढला जातो. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात पापुद्रे जीवाणूंच्या पटलातील मेदद्रव्ये बाहेर खेचून घेतात, असे आढळले. काही प्रयोगांत पेशीच्या आत ऑक्सिजनची क्रियाशील रूपे वाढून नासधूस होते. यांपैकी एकाही क्रियेत ‘ओळखणे’ नाही. कोपरा ज्या पटलाला लागेल त्यात शिरेल. ते पटल अर्बुदाचे की यकृताचे, हे त्याला कळत नाही. उलट, शांघाय येथील संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, पेशींच्या पोषणद्रवात दहा टक्के सीरम असले म्हणजे त्यातील प्रथिने ग्राफीन ऑक्साइडला वेढून बसतात आणि त्याचा अपाय पुष्कळच कमी होतो. रक्तात तर प्रथिनांचा सुकाळच आहे. तेव्हा पेशीला जे भेटते ते ‘ग्राफीन’ नसते, प्रथिनांचे वस्त्र ल्यालेले ग्राफीन असते.

मग निवड कोठून येते? स्टॅनफर्ड येथे होंगजी दाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पाण्यात न विरघळणारे कर्करोगविरोधी औषध लेपित ग्राफीन ऑक्साइडवर बसवून पेशींपर्यंत पोचविले. तेथे मारणारे औषध होते, ग्राफीन वाहक होते. चीनमधील सूचौ विद्यापीठात २०१० मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात लेपित ग्राफीन ऑक्साइड शिरेतून दिले गेले. अर्बुदातील रक्तवाहिन्या गळक्या असल्याने ते तेथे साचले, आणि नंतर त्या जागेवर निकट-अवरक्त प्रकाशझोत सोडल्यावर ग्राफीनने उष्णता निर्माण करून अर्बुद नष्ट केले. गळक्या वाहिन्यांमुळे मोठे रेणू अर्बुदात साचतात, हे तर जपानी शास्त्रज्ञ मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्येच दाखविले होते. या दुसऱ्या प्रयोगात निवड दोन ठिकाणी झाली : एकदा वाहिनीच्या भिंतीत आणि एकदा दिवा धरणाऱ्या हातात. नेम माणसाचा होता, त्याचे श्रेय वाक्याने पदार्थाला दिले.

‘ओळखणे’ हा शब्द ज्या प्रयोगाला सर्वांत जवळचा वाटेल, त्यात ‘मारणे’ मुळीच नाही. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात विकास बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या अर्बुदाच्या पेशी आणि सामान्य तारकापेशी ग्राफीनच्या थरावर ठेविल्या. अतिक्रियाशील अर्बुदपेशीच्या पृष्ठावर ऋण विद्युत्भार अधिक असतो. त्यामुळे तिच्याखालील ग्राफीनमधील भाराची मांडणी बदलते आणि तो बदल रामन वर्णपटात उमटतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचा हा एक सुंदर उपयोग आहे. परंतु येथे ग्राफीन ‘ओळखते’ असे म्हणणे म्हणजे तराजू ‘जाणतो’ असे म्हणण्यासारखे आहे. ग्राफीनवर ठसा उमटतो. ओळखतो तो वर्णपट वाचणारा. २०२४ च्या सप्टेंबरात मँचेस्टर येथे मेंदूच्या अर्बुदाच्या शस्त्रक्रियेत ग्राफीनचे विद्युदग्र प्रथमच मनुष्यावर वापरले गेले, तेथेही त्याचे काम मेंदूचे विद्युत्संकेत टिपण्याचे होते.

या सर्वांत अधिक उद्‌बोधक उदाहरण मँचेस्टरच्याच २०१५ च्या एका निबंधाचे आहे. ग्राफीन ऑक्साइड हे कर्करोगाच्या मूलपेशींना निवडून लक्ष्य करते, अशा आशयाचे त्याचे शीर्षक होते, आणि प्रस्तुत साच्याच्या विधानांना त्याचा आधार वारंवार दिला जातो. स्तन, बीजकोश, पुरःस्थ ग्रंथी, फुप्फुस, स्वादुपिंड आणि मेंदू या सहा प्रकारच्या कर्करोगांच्या पेशींवर तो प्रयोग झाला. त्यात मूलपेशींची गोलके बनण्याची क्रिया ग्राफीन ऑक्साइडमुळे खुंटली. पण त्याच निबंधात असेही नमूद आहे की, कर्करोगाच्या इतर सर्वसाधारण पेशींना ते विषारी ठरले नाही, तसेच सामान्य तंतुजनक पेशींनाही नाही. मूलपेशींतील काही संदेशमार्ग दबून त्या पेशी प्रौढ, विशेषित रूपाकडे वळतात, असा संशोधकांचा निष्कर्ष होता. आता हे ‘कर्करोगाच्या पेशींना मारते’ या शब्दांशी ताडून पाहावे. मूळ प्रयोगात कर्करोगाच्या बहुसंख्य पेशी जिवंत राहिल्या. अल्पसंख्य मूलपेशींचा स्वभाव बदलला. लोकप्रिय वाक्याने ‘बहुसंख्य मेल्या नाहीत’ हे वगळले आणि ‘वळल्या’च्या जागी ‘मारल्या’ घातले. येथे संक्षेप झालेला नाही, अर्थ उलटला आहे.

५

विधानाची साक्ष काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कारण क्रियापदाचे रूपच तो विचारू देत नाही. ‘मारते’ हा साधा वर्तमानकाळ मराठीत ‘सूर्य उगवतो’ यासारख्या नित्यसत्यांसाठी वापरला जातो.

पेशी जिवंत आहेत की मेल्या, हे ठरविण्याची एक अत्यंत प्रचलित कसोटी मॉसमन यांनी १९८३ मध्ये दिली. ती एमटीटी या नावाने ओळखली जाते. पिवळा रंग पेशींना द्यावयाचा. जिवंत पेशी त्याचे क्षपण करून त्याला जांभळा करतात. जांभळेपणा मोजला की जिवंत पेशींचे प्रमाण मिळते. निबंधात जेव्हा ‘ऐंशी टक्के पेशी जिवंत राहिल्या’ असे वाक्य येते, तेव्हा त्याचा शब्दशः अर्थ ‘द्रव ऐंशी टक्के जांभळा झाला’ एवढाच असतो. मिनेसोटाच्या संशोधकांना असे आढळले की, ग्राफीन आणि ग्राफीन ऑक्साइड हे पेशींच्या मदतीवाचून स्वतःच त्या रंगाचे क्षपण करतात. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, तोच मृतांच्या वतीने ‘आम्ही जिवंत आहोत’ अशी जबानी देतो. दुसऱ्या कसोट्या लावल्यावर खरा अपाय उघड झाला. तेव्हा ‘निरोगी पेशींना धक्का लावीत नाही’ हे विधान जेथे केवळ या एका कसोटीवर उभे असेल, तेथे ते पेशींविषयीचे विधान आहे की रंगाविषयीचे, हे प्रथम विचारले पाहिजे.

६

येथवर दोष दाखविले. मराठी भाषेकडे यावर काही उपाय आहे काय, हेही पाहणे प्राप्त आहे. आश्चर्य असे की, तो उपाय पारिभाषिक कोशात नसून स्वयंपाकघरात आहे.

एखाद्या पदार्थाचा देहावर होणारा परिणाम सांगण्यासाठी मराठीत ‘बाधणे’ आणि ‘मानवणे’ अशी क्रियापदांची जोडी आहे. ‘त्याला दही बाधले’, ‘तिला त्या गावचे पाणी मानवले नाही’. या रचनेत ज्याच्यावर परिणाम होतो, तो चतुर्थीत येतो आणि वाक्यातून सहसा वगळता येत नाही. ‘दही बाधते’ एवढेच म्हटले तर ऐकणारा लगेच ‘कोणाला?’ असे विचारतो. पाठोपाठ ‘किती खाल्ले?’ आणि ‘केव्हा?’ हेही प्रश्न येतात. ‘मारणे’ या क्रियापदाला हे प्रश्न चिकटत नाहीत. ‘विष मारते’ म्हटले की वाक्य पुरे होते. म्हणजे विषविज्ञानाचे जे मूलतत्त्व — परिणाम हा पदार्थाचा गुण नसून पदार्थ, ग्राहक आणि मात्रा यांच्यातील संबंध आहे — ते या घरगुती रचनेत मुळातच बसलेले आहे, आणि शास्त्रीय म्हणविणारे वाक्य ते गमावून बसते. ‘मात्रा’ हा शब्दही लक्षणीय आहे. ‘मात्रा लागू पडणे’ या वाक्प्रचारात औषध आणि त्याचे माप हे एकाच शब्दाने सांगितले जाते. मापावाचून औषध, ही कल्पनाच तेथे नाही.

नाव आणि कारण यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातच नुकतेच घडले. २०२४ च्या डिसेंबराच्या अखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस काही दिवसांतच गळून पडले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने येऊन नमुने घेतले. पण तपास चालू असतानाच काही वृत्तांनी या घटनेला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव देऊन टाकले. ‘व्हायरस’ हे कारणाचे नाव आहे. ते घटनेला लागताच कारण सापडल्यासारखे झाले, आणि त्याबरोबर संसर्गाची भीतीही आली. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या आधिक्याकडे बोट दाखविले. सेलेनियम हे देहाला लागणारे मूलद्रव्य आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रौढ माणसासाठी दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम ही गरज आणि ४०० मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा मानली आहे. त्यापलीकडे दीर्घकाळ सेवन झाल्यास केस आणि नखे यांवर परिणाम दिसू लागतो. तेच द्रव्य एका मापाला मानवते आणि दुसऱ्या मापाला बाधते. ‘सेलेनियम चांगले की वाईट’ या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ‘ग्राफीन निरोगी पेशींना चालते की नाही’ हा प्रश्न त्याच जातीचा आहे.

केसांचा दुवा आणखी एका बाजूने उपयोगी पडतो. कर्करोगावरील कित्येक जुनी औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींवर काम करतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही वेगाने विभागतात, म्हणून उपचार चालू असता केस गळतात. औषध ‘रोगी’ आणि ‘निरोगी’ यांत भेद करीत नाही. ते वेग पाहते. पदार्थांना आपली नावे ठाऊक नसतात.

७

या चिकित्सेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, लोकांसाठी लिहिताना संक्षेप आणि रूपक अटळ आहेत. हे मान्य केले पाहिजे. परंतु रूपकाला मर्यादा आहे : त्याने अर्थ सोपा करावा, उलटा करू नये. ‘वाहक’ हेही रूपकच आहे, ‘दिवा’ आणि ‘नेम’ हीही रूपकेच आहेत. ती प्रयोगाशी प्रामाणिक राहून वापरता येतात. दुसरा आक्षेप असा की, दोष मराठीचा नसून मूळ इंग्रजी निबंधांचाच आहे, कारण लक्ष्य आणि निवड यांची लष्करी भाषा तेथूनच आली. हेही अंशतः खरे आहे. २०१५ च्या निबंधाचे शीर्षक त्याची साक्ष देते. परंतु शीर्षकाखाली त्या संशोधकांनी आपल्या अटी स्पष्ट लिहिल्या होत्या. भाषांतरकाराने शीर्षक घेतले आणि अटी ठेवून दिल्या. उधार घेतलेल्या रूपकाबरोबर त्याच्या मर्यादाही उधार घेणे, ही भाषांतराची किमान शर्त होय.

तेव्हा त्याच माहितीचे वाक्य कसे असावे? उदाहरणादाखल पुढील रचना पाहावी : ‘काचपात्रात वाढविलेल्या सहा प्रकारच्या कर्करोगपेशींपैकी मूलपेशींची वाढ ग्राफीन ऑक्साइडमुळे खुंटल्याचे २०१५ मध्ये आढळले, इतर कर्करोगपेशी व तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य पेशी यांना ते बाधले नाही.’ वाक्य लांबले हे खरे, पण त्यातील एकही शब्द शालेय विद्यार्थ्याला अपरिचित नाही. कर्त्याचे नेमके नाव आले, पेशी कोठल्या ते आले, ‘मारते’च्या जागी ‘खुंटल्याचे आढळले’ आले. ‘आढळले’ या भूतकाळी, अकर्तृक रूपाने पाहणारा कोणी होता, ही जाणीव वाक्यात शिल्लक राहिली. ‘बाधले नाही’ या रचनेने ग्राहकाला चतुर्थीत उभे केले. शेतकऱ्याला हे वाक्य कळेल. आणि आपल्या रोग्यावरील उपचार त्यात सांगितलेला नाही, हेही कळेल.

ग्राफीनचे मनुष्यदेहावरील परीक्षण अद्याप आरंभाच्याच अवस्थेत आहे. एडिंबरो येथे चौदा निरोगी स्वयंसेवकांना शुद्ध ग्राफीन ऑक्साइडचे सूक्ष्म कण श्वासावाटे दोन तास देण्यात आले आणि तात्काळ अपाय दिसला नाही, हा वृत्तान्त २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे ‘निरोगी’ हे विशेषण योग्य जागी आहे, कारण ते माणसांना लागले आहे. ‘तात्काळ’ हा शब्दही तितकाच महत्त्वाचा आहे. तो गाळून कोणी हे वाक्य लिहिले, तर चौदा माणसांचे दोन तास सर्वांच्या आयुष्यभरासाठी पुरावा म्हणून उभे राहतील.

पदव्युत्तर वर्गांतील भाषेच्या विद्यार्थ्यांना विज्ञानलेखन हे आपले क्षेत्र वाटत नाही आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना वाक्यरचना हा आपला विषय वाटत नाही. या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत प्रस्तुत साच्याची विधाने वाढतात. परिभाषा सिद्ध करण्याचे कार्य भाषा संचालनालयाने १९६० पासून पुष्कळ केले आहे. नामांचा पुरवठा झाला आहे. उणीव आहे ती क्रियापदांची, विभक्तींची आणि काळांची काळजीपूर्वक योजना करण्याची. कर्करोगाच्या रोग्यापुढे वाक्य ठेवताना ती काळजी घेणे हे शैलीचे काम नसून जबाबदारीचे काम आहे, एवढे जरी दोन्ही बाजूंनी मान्य झाले, तरी पुष्कळ साधेल.